नानांच्या पायाची आग थांबली, ही चांगली बातमी नाही

पत्र असं आहे:

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. माझे वडील, नाना, ६२ वर्षांचे. १३ वर्षांपासून साखर आहे. गोळ्या चालू असतात, मधूनमधून बंदही असतात. माळकरी आहेत, पण तंबाखू सुटलेली नाही. दोन वर्षं रात्री दोन्ही तळपायांची आग व्हायची, पांघरुणाबाहेर पाय काढून फरशीला टेकवून झोपायचे. दिवाळीपासून ती आग थांबली. पण पंधरा दिवसांपूर्वी उजव्या मांडीत आणि नडगीच्या बाजूला दोन दिवस जीवघेणी कळ आली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर उजवं पाऊल वर उचलेना. चप्पल पायातून निसटते, अंगठा उंबऱ्याला अडकतो. गावातले डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, नसेचा रक्तपुरवठा तुटलेला दिसतो, मोठ्या दवाखान्यात दाखवा. शेजारचे म्हणतात, सप्ताहात तीन दिवस मांडी घालून बसले म्हणून नस दबली, मालिश करा. काकू म्हणते रक्त कमी झालंय, बीट द्या. आणि नाना म्हणतात, 'माले काय व्हयनं? पाय आते दुखत बी नही.' चैत्रात दरवर्षीसारखं अनवाणी सप्तशृंगीच्या गडावर जायचं म्हणून बसलेत. नसेला रक्त कमी पडलं म्हणजे नक्की काय होतं, आणि आम्ही काय करायचं, ते मला कळेल असं सांगा."

ताई,

आधी कामाचं सांगतो, समजावणं मागून. नानांना धुळ्याला किंवा जळगावला घेऊन जा. जमलं तर उद्याच, नाहीतर या आठवड्यात. हरभरा काढून झाल्यावर नाही, पाडव्यानंतर नाही. एम.डी. मेडिसिनच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल, न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचे डॉक्टर, मिळाले तर उत्तम. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तेव्हा खर्चासाठी थांबू नका. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं आणि बरोबर ठिकाणी पाठवलं. मधले पंधरा दिवस घरात गेले. रागावत नाही, पण असं पाऊल पडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जे वाचवता येतं ते पुढे वाचवता येत नाही, म्हणून एवढं ठासून लिहितोय.

आता तुमचा प्रश्न. त्यातला निम्मा गोंधळ 'नस' या शब्दाचाच आहे. इंजेक्शनला नस सापडत नाही म्हणतो, ती रक्तवाहिनी. पोटरीत गोळा आला की नसेवर नस चढली म्हणतो, तो स्नायू. आणि नस दबली म्हणतो ती तिसरीच, मेंदू-मणक्यापासून हातापायापर्यंत हालचालीचा हुकूम नेणारी आणि जाणीव परत आणणारी चेतातंतूंची जुडी. ओपीडीत माणूस 'नस' म्हणाला की मी आधी बोट ठेवून दाखवायला सांगतो, मगच पुढे बोलतो. नानांच्या पायात या तिसऱ्या नसेला पहिली नस कमी पडलेली दिसते.

काकूंच्या बिटाचंही सांगून टाकतो. रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं. रक्तपुरवठा कमी असणं वेगळं. विहीर भरलेली असली तरी नळी चोंदली तर शेवटच्या केळीला पाणी मिळत नाही, आणि विहिरीत आणखी टँकर ओतून ती केळी हिरवी होत नाही. बीट खाऊ द्या, बिटाने बिघडणार काही नाही, फक्त दिवस जातील.

नस आतून कशी असते ते बघा. कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरते ती सायटिक नस जवळपास अंगठ्याएवढी जाड असते. तिच्यात हजारो तंतू आणि प्रत्येक तंतू म्हणजे एकाच पेशीची लांबच लांब शेपटी. पेशी कमरेच्या मणक्यापाशी, शेपटीचं टोक पायाच्या बोटात. जवळपास मीटरभर लांबीची एक पेशी! टोकाला लागणारा माल वर मणक्यापाशी तयार होतो आणि आतून वाहत खाली येतो. वेगात वेगात म्हणजे दिवसाला साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे पावलापर्यंत पोचायला दोन-अडीच दिवस. पण तो माल वाहायला, संदेश पाठवायला जी शक्ती लागते ती वरून येत नाही, ती जागच्या जागी रक्तातूनच घ्यावी लागते. डबा माहेरून आला तरी चूल आपल्याच घरात पेटवावी लागते, तसं.

त्यासाठी नसेच्या अंगावर आणि पोटात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. शेजारून जाणाऱ्या धमन्यांमधून ठिकठिकाणी फाटे येऊन त्या जाळ्याला मिळतात आणि नसेच्या लांबीने वरखाली एकमेकांना जोडलेले असतात. तुमच्याकडे हुशार शेतकरी ठिबकची सबमेन दोन्ही टोकांनी जोडून घेतो ना, एकीकडून दाब पडला तर दुसरीकडून यावा म्हणून? निसर्गाने तेच केलंय. त्यामुळेच ऑपरेशनमध्ये सर्जन नस काही सेंटिमीटर आजूबाजूपासून सोडवून उचलतात आणि तरी ती जगते. एखादा फाटा बंद पडून नसेचं सहसा काही बिघडत नाही.

म्हणूनच नस उपाशी पडली याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की एक नव्हे, बऱ्याच बारीक वाहिन्या एकदम बिघडल्यात. आणि अशा वेळी पहिला फटका बसतो तो दोन फाट्यांच्या मधल्या जागेला. वरून येणारं रक्त तिथे संपत आलेलं, खालून येणारंही संपत आलेलं. सायटिक नसेत ही जागा मांडीच्या मध्याजवळ येते. दुखणं मांडीत सुरू झालं आणि पडलं मात्र पाऊल, हे तुम्हाला कोडं वाटलं असेल. पाऊल उचलणारे तंतू त्याच मांडीतून खाली जातात आणि वरच्या वाटेत तुटलेल्या तारेचा अंधार खालच्या घरात पडतो.

रक्त थांबल्यावर तंतूचं काय होतं, याचा थोडासा अनुभव आपण सगळे घेतो. पंगतीत फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो. उठल्यावर पाय आहे की लाकूड ते कळत नाही आणि मग मुंग्यांचं वारूळ फुटतं. लंडनच्या थॉमस लुईस आणि सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये हे शिस्तीत तपासलं. दंडाला रक्तदाबाचा पट्टा फुगवून हाताचं रक्त थांबवलं. पंधरा-वीस मिनिटांत बोटांच्या टोकांपासून बधिरपणा सुरू झाला आणि हळूहळू वर चढला. आधी हलका स्पर्श गेला, दुखण्याची जाणीव सर्वांत शेवटी गेली. (घरी बीपीचं मशीन आहे म्हणून कुणी करून बघू नका. असं लिहिलं की एकजण हमखास करतो.)

कारण असं. तंतूच्या पडद्यावर सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत उपसणारे पंप रात्रंदिवस चालू असतात. त्या उपशावरच संदेश जातो. रक्त थांबलं की प्राणवायू थांबतो, शक्ती तयार होत नाही, थ्री फेज गेल्यासारखी मोटार बंद. तंतू मेलेला नसतो, नुसता गप्प बसलेला असतो. रक्त परत आलं की पंप झपाट्याने सुरू होतात, तंतू काही काळ बावचळल्यासारखे आपल्याआपण संदेश सोडतात. त्याच मुंग्या. म्हणजे मांडी सोडून उठल्यावर येणाऱ्या मुंग्या त्रासाच्या असल्या तरी परतीच्या वाटेवरच्या असतात.

पण रक्त मिनिटांऐवजी तासन्‌तास आलं नाही तर गोष्ट बदलते. तंतूत कॅल्शियम शिरतं, त्याने जागी होणारी विकरं तंतूचा आतला सांगाडाच कातरू लागतात. त्यात नसेच्या आतल्या कप्प्यात सूज येते आणि तिथे निचरा नाही. शरीरात इतरत्र जास्तीचं पाणी उचलून नेणाऱ्या लसिकावाहिन्या असतात, नसेच्या या आतल्या भागात त्या नसतातच. भोवतालचं आवरणही चिवट, ताणलं न जाणारं. मग आत साचलेलं पाणी उरलेल्या बारीक वाहिन्यांना दाबतं आणि होतं-नव्हतं रक्तही आडतं. शेवटी तंतू त्या जागी तुटतो आणि तिथून खालचा सगळा भाग, टोकापर्यंत, पुढच्या काही दिवसांत विरघळून जातो. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या नसा कापून हे दाखवलं. आजही त्याला वॉलरचंच नाव आहे.

चांगली बाजू अशी की मणक्यापाशी पेशी जिवंत असेल तर शेपटी पुन्हा वाढते. वाईट बाजू तिचा वेग, दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. हिशेब करा. पाऊल उचलणारा स्नायू नडगीच्या पुढे, गुडघ्याच्या खाली असतो. मांडीच्या मध्यापासून तिथवर २५-३० सेंटिमीटर धरले तरी आठ-दहा महिने झाले. बोटांपर्यंत जायचं तर दोन वर्षं. सगळे तंतू तुटलेले नसले तर वाचलेले तंतू शेजाऱ्याचं काम उचलतात आणि सुधारणा लवकर दिसते. म्हणून आणखी तंतू मरायच्या आत कारण शोधायचं.

आता सप्ताहातल्या मांडीचं. शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, हाडाचा एक गोटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून पावलाची नस जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय काही नाही. निंदणीला तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्या बाया, फरशी बसवणारे कारागीर, आजारपणात वजन झपाट्याने उतरलेली माणसं, यांचं पाऊल असं पडलेलं मी कितीदा पाहिलंय. आणि गंमत म्हणजे हासुद्धा बराचसा रक्ताचाच मामला आहे. नसेवर पाऱ्याच्या २०-३० मिलिमीटरइतका दाब पडला तरी तिच्यातून परत जाणारं रक्त रेंगाळू लागतं, ६०-८० ला आतलं वहन जवळपास थांबतं. आपलं वरचं बीपी १२० असतं, त्यावरून ताडा की हा दाब काही फार मोठा नाही. साखरेने आधीच अशक्त झालेली नस अशा दाबाला लवकर बळी पडते हेही खरं.

पण दाबाने पडलेलं पाऊल सहसा गुपचूप पडतं. माणूस उठतो आणि लंगडतो. आधी दोन दिवस मांडीत जीवघेणी कळ, मग पाऊल, असा क्रम मला मांडी घालून बसण्यापेक्षा रक्तवाहिन्यांकडे बोट दाखवणारा वाटतो. पत्रावरून निदान करणारा डॉक्टर आणि फोटोवरून पत्रिका जुळवणारा भटजी यांत फरक नाही, म्हणून ठाम सांगत नाही. तिथले डॉक्टर काय बघतील ते सांगतो. ते नानांना पाऊल आतल्या बाजूला वळवायला लावतील. वर उचलता येत नाही पण आत वळवता येतं, तर दोष गुडघ्यापाशी असण्याची शक्यता जास्त. दोन्ही जमत नसेल तर कंबर किंवा वरची नस. एवढ्या साध्या गोष्टीने अर्धा रस्ता कळतो, एमआरआय त्यानंतरचा. मग एनसीव्ही, म्हणजे नसेतून विजेचा सौम्य झटका देऊन वेग आणि ताकद मोजणं. नानांना आधीच सांगून ठेवा, टकटक लागतं, पण सहन होतं.

रक्ताच्या तपासण्यांत साखर आणि तीन महिन्यांची सरासरी तर येईलच, शिवाय अंगात कुठे सूज आहे का ते सांगणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, कावीळ बी आणि सी, लघवी, आणि गरज वाटली तर रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजारांच्या खास चाचण्या. शरीराची संरक्षणव्यवस्था उलटून स्वतःच्याच बारीक धमन्यांवर हल्ला करते असा आजारांचा एक गट आहे. त्यातल्या एकाचं वर्णन जर्मनीत कुसमाउल आणि मायर यांनी १८६६ मध्ये केलं, तेव्हापासून माहीत असलेली गोष्ट. त्यात आज उजवं पाऊल, पंधरवड्याने डावा पंजा, महिन्याने आणखी काही, अशी एकेक नस तडकाफडकी जाते. साखरेच्या रुग्णांतही याच जातीचा एक प्रकार होतो, मांडीत भयंकर दुखतं, मांडी वाळते, वजन उतरतं. नानांचा पायजमा अलीकडे सैल झालाय का? डॉक्टरांना आवर्जून सांगा. धमन्यांना सूज असेल तर स्टेरॉइड आणि कधी त्याहून जबर औषधं लागतात. स्टेरॉइडने साखर उसळते, म्हणून ती देखरेखीखालीच. स्टेरॉइड शब्द ऐकून पळून येऊ नका आणि मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने घेऊही नका. दुसऱ्या गोष्टीचं प्रमाण आपल्याकडे जास्त आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुष्ठरोग. तो रक्तपुरवठ्याचा नव्हे, जंतूचा आजार, पण पाऊल असंच पाडतो. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा आहे का, कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे नस दोरीसारखी जाड लागते का, एवढं कपडे काढून बघायला पाच मिनिटं लागतात. असला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट आहे आणि माणूस बरा होतो. लाजायचं काही नाही.

आता दिवाळीपासून थांबलेल्या आगीकडे येतो. पडलेलं पाऊल सगळ्यांना दिसतंय, हे कुणाला दिसत नाही, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसेच्या पोटातल्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात. त्यातून प्राणवायू नीट झिरपत नाही. त्याच वेळी साखर तंतूंना थेटही बिघडवते, म्हणजे सगळा दोष रक्ताच्या माथी मारता येणार नाही. जो तंतू सर्वांत लांब तो सर्वांत आधी खचतो, म्हणून बोटं, मग तळवा, मग मोजा चढावा तसं वर. आग, मुंग्या, चपलेत वाळू असल्याचा भास, हे जखमी तंतूंचं ओरडणं. ते ओरडणं दोन कारणांनी थांबतं. साखर ताब्यात आली, औषध लागू पडलं, म्हणून. किंवा ओरडणारे उरलेच नाहीत, म्हणून. नानांच्या गोळ्या कधी चालू कधी बंद, तेव्हा पहिलं कारण मानायला मला जड जातं.

तुम्ही स्वतः तपासू शकता. नानांना खाटेवर उताणं झोपवा, डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा बोटं. तुमच्या तर्जनीचं टोक एकेका बोटाच्या टोकावर हलकेच, एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, गुदगुल्या नाही, टोचायचं नाही. लागलं की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. क्रम उलटसुलट ठेवा, नाहीतर हुशार माणूस अंदाजाने सांगतो. सहापैकी दोन किंवा जास्त चुकले तर त्या पायावर जाणिवेचा पहारा उरलेला नाही असं धरून चाला.

पहारा नसलेला पाय कसा असतो? मागे एक केळीवाले शेतकरी माझ्याकडे बीपी तपासायला आले होते. चालताना एका पायाचा टक्‌ टक्‌ असा आवाज येत होता. मी चप्पल काढायला लावली तर ती निघेना. वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार जाऊन टाचेत घुसला होता, चप्पल पायाला खिळली होती. किती दिवस झाले, विचारलं. म्हणाले, "काटा? कोणता काटा?" त्या टाचेला बरं व्हायला चार महिने लागले, कारण जखम भरायलाही रक्तच लागतं. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांबाबत हेच दाखवलं होतं. बोटं रोगाने झडत नाहीत, दुखत नसल्याने माणूस जखमेवरच चालत राहतो आणि ती झिजतात.

म्हणून नानांचा अनवाणी गड यंदा नाही. चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी तापलेलं असतं. धडधाकट माणूस चटका बसला की पाय उचलतो. नाना उचलणार नाहीत. रात्री मुक्कामाला पोचल्यावर फोड दिसतील, तेही कुणी बघितले तर. आणि एक पाऊल पडलेलं, ठेच लागणार ती वेगळीच. मला ठाऊक आहे हे सांगणं सोपं नाही. देवीचं माहेर खान्देश, आणि माहेरच्या माणसाला येऊ नको म्हणणारा मी कोण! पण माहेरचा म्हातारा माणूस एसटीने आला म्हणून लेक रुसत नाही. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, नानांनी त्यातून वर जावं, बूट घालून. सोबतचे पायी चालणारे नानांच्या वतीने चार पावलं जास्त चालतील.

घरात लगेच करायच्या काही गोष्टी. पाय रोज संध्याकाळी उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि बघायचे तुम्ही, कारण बासष्टीत वाकून तळवा दिसत नाही. गरम पाण्याचा, विटेचा शेक बंद. बिब्बा तर अजिबात नाही. भोवरीला, भेगांना बिब्बा लावून बधिर पाय जाळून घेतलेली माणसं दर उन्हाळ्यात येतात. कुरूपाला ब्लेड नाही, कॉर्नकॅप नाही. पायाला मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, आणि घालण्याआधी आत हात फिरवून बघणं. पाऊल उचलून धरायला प्लास्टिकचा एएफओ नावाचा स्प्लिंट मिळतो, तो मापाने घ्या. पण त्याखालची कातडी रोज बघा, बधिर पायाला स्प्लिंटही चावतो. मालिश करून नस 'बसवून' देणाऱ्याकडे नेऊ नका. नस सांध्यासारखी निखळत नाही, तेव्हा बसवायचं काही नसतं.

आग विझवायच्या गोळ्या, प्रीगॅबालिन वगैरे, दुखणं कमी करतात, नस दुरुस्त करत नाहीत. गुंगी येते, म्हाताऱ्या माणसाला पडायची भीती, म्हणून त्या कमीतून वाढवत नेतात. बी-१२ मात्र जरूर तपासा. माळकरी आहेत, दूधदुभतंही बेताचं असेल, आणि मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ते बी-१२ आणखी घटवतं. कमी असेल तर इंजेक्शनचा उपयोग होतो. कमी नसताना पाच-पाच लाल इंजेक्शनांचा कोर्स म्हणजे पैशाचं पाणी.

तंबाखूबद्दल माळकऱ्याला मी काय सांगणार, पण सांगतो. निकोटिन धमन्या आवळतं. तरुण वयात तंबाखू-बिडीने हातापायाच्या वाहिन्या बंद पडून बोटं काळी पडण्याच्या आजाराचं वर्णन लिओ ब्युर्गर यांनी १९०८ मध्ये केलं, आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय तो आजार आजही थांबत नाही. नानांना तोच आहे असं मी म्हणत नाही. ज्या नसेला रक्त पुरत नाही तिच्या नळीवर पाय ठेवून उभं राहू नये, एवढंच.

डॉक्टरांना दोन्ही पायांच्या नाड्या बघायला सांगा, एक पावलाच्या वर, एक आतल्या घोट्याच्या मागे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, किंवा रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला की आराम पडतो, असं काही होत असेल तर मोठ्या धमन्याही अरुंद झाल्यात, मग डॉपलर, म्हणजे वाहिनीतलं रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, लागेल. आणि कधीही अचानक पाय थंडगार, पांढरा पडला, दुखून बधिर झाला, बोटं हलेनात, तर तो दिवस वाट बघायचा नाही. साधारण सहा तासांच्या आत रक्त परत आलं तर पाय वाचायची आशा, पुढे ती झपाट्याने कमी होते. अशा वेळी १०८ ला फोन करा आणि निघण्याआधी दवाखान्यात विचारा की रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत का. नसतील तर तिथे जाऊन ताटकळू नका, जिथे आहेत तिथेच गाडी वळवा.

जाताना जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी नव्हे, पाकिटं) बरोबर घ्या. डाव्या पायात, हातात काही नवं जाणवतंय का ते वाटेत विचारून ठेवा. आणि नानांना नवी चप्पल घालून नेऊ नका. रोजची, शेतातली, तीच असू द्या. डॉक्टरांनी मागितली नाही तरी तुम्ही ती त्यांच्यासमोर उलटी करून दाखवा.